आंतरराष्ट्रीय हिवताप संशोधनात आपल्या महाविद्यालयाने सहभागी व्हावे का, आणि कोणत्या भूमिकेत?

प्रश्न : नागनदी (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात शिकवते. गडचिरोली जिल्ह्यातून, बालाघाटकडून आणि छत्तीसगडच्या सीमेवरून गंभीर हिवतापाची मुले आमच्याकडे पाठवली जातात, आणि ती बहुधा आजार बराच पुढे गेल्यावरच पोहोचतात. परदेशातील एका विद्यापीठाने आमच्या विभागापुढे संयुक्त संशोधनाचा प्रस्ताव ठेवला आहे. आम्ही मुलांचे रक्तनमुने घ्यावेत, ठरावीक तक्ते भरावेत आणि नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवावेत, असे त्याचे साधारण स्वरूप आहे.

विभागाच्या बैठकीत दोन मते पडली. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते ही नुसती हमाली आहे, कारण प्रश्न त्यांचा, विश्लेषण त्यांचे आणि शोधनिबंधात आपले नाव मधे कुठेतरी. तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की सुरुवात अशीच होते आणि नकार दिला तर हे काम दुसरीकडे जाईल. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते, म्हणून नेमके विचारते. जगात ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठांनी हिवताप संशोधनात खरे स्थान मिळवले, त्यांनी ते कशाच्या बळावर मिळवले? आणि आमच्यासारख्या विभागाने होकार देण्यापूर्वी काय मागून घ्यावे?

उत्तर १ : सातपुडा_वैद्य

मॅडम, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मलावीतील ब्लँटायर शहरात मिळते. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९९१ साली सुरू झाले आणि २०२१ मध्ये परिचर्या महाविद्यालयाशी एकत्र येऊन त्याचे कामुझू आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले. देश जगातील अतिशय गरीब देशांपैकी एक, आणि रुग्णालय सरकारी व सदैव भरलेले. तरीही मुलांच्या मेंदूच्या हिवतापाबद्दल आज जगभर जे शिकवले जाते, त्याचा मोठा भाग त्या एका रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डातून आला आहे. लिव्हरपूल आणि मिशिगन येथील विद्यापीठांचे संशोधक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे आहेत, पण ते नमुने घेऊन परतणारे पाहुणे नव्हते. पावसाळ्यामागून पावसाळे ते त्याच वॉर्डात स्थानिक डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर उभे राहिले.

एकच उदाहरण जवळून पाहू. बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी आपण ग्लासगो मापन वापरतो, पण दीड वर्षाच्या मुलाला नाव-गाव विचारता येत नाही. म्हणून तिथे १९८९ मध्ये ब्लँटायर कोमा मापन तयार झाले. छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी दाब द्यायचा. मूल दुखऱ्या जागेकडे हात नेते का, की नुसता अवयव आखडून घेते, हे पाहायचे. ते नीट रडते, कण्हते की गप्पच राहते, हे ऐकायचे. त्याची नजर आईच्या चेहऱ्यामागे फिरते का, हे तपासायचे. एकूण गुण पाच, आणि दोन किंवा त्याहून कमी असतील तर मूल कोमात आहे असे धरायचे. यासाठी एका पैशाचे उपकरण लागत नाही. रात्रपाळीची परिचारिका ते दर काही तासांनी करू शकते, आणि आज औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांमध्ये हेच मापन वापरले जाते. हे परदेशातल्या प्रयोगशाळेत सुचण्यासारखे नव्हते, कारण ते रोज असंख्य मुले तपासणाऱ्या हातांच्या गरजेतून आले.

पुढचे काम त्याहून कठीण होते. कोमा आहे, रक्तात फाल्सिपॅरम हा हिवतापाचा घातक परजीवी आहे आणि दुसरे कारण सापडत नाही, एवढ्यावर मेंदूचा हिवताप हे निदान करण्याची पद्धत होती. अशा निदानाने दगावलेल्या ३१ मुलांचे ब्लँटायरमध्ये पालकांच्या संमतीने शवविच्छेदन झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७ मुलांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. ज्या भागात पुष्कळ मुलांच्या रक्तात परजीवी असतातच, तिथे परजीवी दिसणे म्हणजे आजाराचे कारण सापडणे नव्हे, हे त्यातून ठोसपणे पुढे आले. खरा मेंदूचा हिवताप ओळखून देणारी सर्वांत भरवशाची खूण नेत्रपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्यावर, दिसली. पटलाचे ठिगळ पडल्यासारखे पांढरे होणे, रक्तवाहिन्यांचा रंग फिकट किंवा केशरी होणे आणि मध्ये पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव, अशी ती चिन्हे आहेत. २०१५ मध्ये एमआरआयच्या अभ्यासातून असे दिसले, की दगावलेल्या २५ मुलांपैकी २१ मुलांच्या मेंदूला दाखल होतानाच तीव्र सूज होती, तर वाचलेल्या १४३ मुलांपैकी ३९ मुलांमध्येच ती होती.

या साऱ्यात महागडे उपकरण सर्वांत शेवटी आले. त्याआधी एकाच पद्धतीने वर्षानुवर्षे भरलेले केसपेपर होते, डोळ्याच्या पडद्याची तपासणी शिकलेले डॉक्टर होते, आणि मूल गेल्यावर आई-वडिलांशी त्यांच्याच भाषेत बसून बोलणारी, त्यांचा विश्वास मिळवलेली माणसे होती. विद्यापीठाची ताकद इथे असते, असे माझे ठाम मत आहे. तुमच्या सहकाऱ्यांच्या दोन्ही गटांनी चर्चा नमुन्यांभोवतीच फिरवली आहे. तुमच्याकडे नमुन्यापेक्षा मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे वॉर्ड.

उत्तर २ : काचपट्टी

मी गडचिरोली जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, त्यामुळे रक्त तपासण्याच्या काचपट्टीबद्दल लिहितो. प्रस्तावात सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी कोण करणार हे कसे लिहिले आहे, ते कृपया नीट वाचा. अनेक प्रकल्पांत ती ओळ अगदी मोघम असते.

नेहमीच्या कामात आम्ही जाड आणि पातळ रक्तलेप एकाच पट्टीवर घेतो. पातळ लेप मिथेनॉलने स्थिर करतो आणि जाड लेपाला मिथेनॉलचा थेंबही लागू देत नाही, कारण त्यातील तांबड्या पेशी फुटून निघाल्या तरच परजीवी दिसतात. घाईत हा नियम मोडला की जाड लेप वाया जातो. सर्वेक्षणाच्या दिवसांत पट्ट्यांचा गठ्ठा समोर असतो, आणि आम्ही ‘आहे’ किंवा ‘नाही’, आणि असेल तर ‘पीव्ही’ (व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी) की ‘पीएफ’ (फाल्सिपॅरम), एवढेच लिहितो. संशोधनाला तेवढे पुरत नाही. तिथे २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले ते मोजावे लागते आणि एका मायक्रोलिटरमध्ये ८००० पांढऱ्या पेशी धरून त्या आकड्याला ४० ने गुणावे लागते. एकच पट्टी दोन तंत्रज्ञ एकमेकांचे उत्तर न पाहता वाचतात. दोघांच्या आकड्यांत २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला, किंवा एकाला व्हायव्हॅक्स आणि दुसऱ्याला फाल्सिपॅरम दिसला, तर पट्टी तिसऱ्याकडे जाते.

जागतिक आरोग्य संघटनेची अशा वाचकांसाठी क्षमता चाचणी असते आणि तिच्यात पहिल्या ते चौथ्या श्रेणीपर्यंत दर्जा दिला जातो. तुमच्या महाविद्यालयातील दोन-तीन तंत्रज्ञ प्रकल्पाच्या खर्चाने या चाचणीपर्यंत तयार झाले, तर ती माणसे प्रकल्प संपल्यावरही नागपुरातच राहतील आणि आमच्यासारख्यांना शिकवतील. पट्ट्या बाहेर पाठवून तिथेच वाचून घेतल्या, तर आपल्याकडे फक्त पेटी भरण्याचे काम राहील. आरडीके, म्हणजे झटपट तपासणीच्या किट, आल्यापासून पट्टी वाचायला शिकण्याची ओढ कमी झाली आहे आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. ज्या एचआरपी-२ प्रथिनावर फाल्सिपॅरमच्या बहुतेक किट अवलंबून आहेत, त्याचे जनुकच नसलेले परजीवी २०१० मध्ये पेरूमध्ये नोंदले गेले आणि पुढे इतर देशांतही आढळले. अशा रुग्णात किट निगेटिव्ह येते आणि परजीवी पट्टीवरच सापडतो.

उत्तर ३ : करारनामा

मी एका संस्थेच्या नैतिक समितीवर काम करतो. वरील दोन्ही उत्तरे मला पटली, पण ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या शंकेला कमी लेखू नका. चांगला हेतू करारात लिहिलेला नसेल, तर माणसे बदलताच तो विरून जातो.

परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला भारतात आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते आणि तिचे कामकाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडून चालते. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी याखेरीज घ्यावी लागते. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल, तर पहिल्या रुग्णाची नोंद होण्याआधी ती भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीत दाखल व्हायला हवी. या पायऱ्यांना कटकट समजू नका. तुमच्या हातातली खरी वाटाघाटीची वेळ तीच आहे, कारण मंजुरीसाठी नमुना हस्तांतरण करार जोडावाच लागतो आणि त्यातले प्रत्येक वाक्य बदलता येते.

मी आपल्या जागी असतो, तर नमुन्यांचा अर्धा भाग नागपुरातच ठेवण्याची अट घातली असती. कराराबाहेरच्या कोणत्याही चाचणीसाठी पुन्हा आमची आणि आमच्या समितीची परवानगी, संपूर्ण माहितीसंच आमच्याकडेही, आणि निदान एका निबंधाचे पहिले व शेवटचे नाव आमच्या विभागाचे, हेही लिहून घेतले असते. संमतीपत्राचा मुद्दा वेगळा काढतो. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईला मराठी संमतीपत्र वाचून दाखवणे ही संमती नव्हे. ते तिच्या भाषेत समजावणारी, प्रकल्पाच्या पगारावर असलेली आणि तरीही तिला ‘नाही म्हणालात तरी उपचार तसाच होईल’ असे सांगू शकणारी व्यक्ती अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.

नमुने बाहेर पाठवण्याला मात्र माझा मूळातूनच विरोध आहे. जनुकीय तपासणीची सोय आता देशात आहे, मग बाहेर का पाठवायचे?

सातपुडा_वैद्य :

करारनामा सर, अटींबद्दल पूर्ण सहमत आहे, पण शेवटच्या मुद्द्यावर थोडे वेगळे सांगतो. काही प्रश्नांची उत्तरे अनेक देशांचे नमुने एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने तपासल्याशिवाय मिळतच नाहीत. आर्टेमिसिनिन या औषधाला दाद न देणाऱ्या फाल्सिपॅरमचा माग असाच लागला. त्यासाठी २०११ ते २०१३ या काळात दहा देशांतील पंधरा ठिकाणी रुग्णांच्या रक्तातील परजीवी किती तासांत निम्मे होतात हे मोजले गेले, आणि परजीवीच्या के-१३ जनुकातील बदलांशी ते ताडून पाहिले गेले. या कामाचे केंद्र बँकॉकचे माहिडोल विद्यापीठ होते. १९४३ मध्ये ते वैद्यकीय शास्त्रांचे विद्यापीठ म्हणूनच सुरू झाले होते, १९६० मध्ये तिथे उष्णकटिबंधीय वैद्यकाची विद्याशाखा आली आणि १९७९ पासून ऑक्सफर्डबरोबरचे संशोधन केंद्र तिथे सलग चालू आहे. थायलंडने नमुने देण्यास नकार देऊन हे स्थान मिळवले नाही. इतर देशांनी आपले नमुने विश्वासाने बँकॉकला पाठवावेत, इतकी पात्रता त्यांनी स्वतःमध्ये आणली.

आणि याच मालिकेतील एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. गंभीर हिवतापात क्विनाइन द्यावे की शिरेतून आर्टेसुनेट, यावर बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार येथे १४६१ रुग्णांवर चाचणी झाली आणि २००५ मध्ये तिचा निकाल आला. क्विनाइन घेतलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के. पुढे आफ्रिकेतील नऊ देशांत ५४२५ मुलांवर झालेल्या चाचणीतही आर्टेसुनेटच सरस ठरले आणि जगभरचा उपचार बदलला. पहिल्या चाचणीतले भारतातील काम राउरकेला येथील इस्पात जनरल हॉस्पिटलात झाले. ते विद्यापीठ नव्हे, पोलाद कारखान्याचे रुग्णालय आहे. पण तिथल्या डॉक्टरांनी गंभीर हिवतापाचे रुग्ण वर्षानुवर्षे बारकाईने पाहिले आणि नोंदले होते. तुमच्या वॉर्डासाठी लाखमोलाचा शब्द तो आहे, ‘नोंदले’.

नागनदी (मूळ प्रश्नकर्ती) :

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले, याबद्दल मनापासून आभार. बैठकीत आणखी एक आक्षेप आला होता, तो मांडते. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि नागपूर शहरात तर आता डेंग्यूचीच चर्चा असते. रुग्ण कमी होत असताना आपण या विषयात वीस वर्षांची गुंतवणूक करावी का, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. दुसरी अडचण पाठपुराव्याची आहे. प्रस्तावात २८ दिवसांचा पाठपुरावा आहे आणि आमची मुले घरी गेली की परत येत नाहीत.

उत्तर ४ : पर्लकोटा

मी सार्वजनिक आरोग्य विभागात असून गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसर चांगला ओळखतो. आधी पाठपुराव्याबद्दल सांगतो. औषधाच्या परिणामकारकतेच्या चाचणीत २८ किंवा ४२ दिवस ठरलेल्या दिवशी रक्त घ्यावेच लागते. ताप पुन्हा आला, तर जुनाच परजीवी उरला होता की नव्या डासाने नवा दिला, हे पहिल्या दिवसाच्या आणि त्या दिवसाच्या परजीवीची जनुके ताडून ठरवतात. मधले दिवस चुकले तर पूर्ण रुग्ण अभ्यासातून बाद होतो. आता हिवतापाचा हंगाम पावसाळ्यात येतो आणि त्याच वेळी पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नागपूरच्या वॉर्डातून सोडलेल्या मुलाला सातव्या दिवशी परत बोलावणे हे कागदावरच राहील. हे काम करायचे तर प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि गावातील आशा यांना प्रकल्पाचे भागीदार करावे लागेल. शोषकागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब आशाताई घेऊ शकतात आणि तो बर्फाशिवाय टिकतो. त्यांच्या कामाचा मोबदला अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. गंभीर रुग्णांचा वॉर्डातील अभ्यास आणि साध्या रुग्णांवरील औषध चाचणी ही दोन निराळी कामे आहेत. प्रस्तावात ती एकत्र कोंबली असतील तर वेगळी करून मागा, आणि नागपूरने पहिलेच घ्यावे.

रुग्ण कमी होत आहेत म्हणून संशोधन कमी करावे, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. रुग्ण घटतात तेव्हा उरलेला हिवताप अधिक अवघड ठिकाणी आणि अधिक अवघड रूपात असतो. व्हायव्हॅक्सचेच पाहा. त्याची सुप्त अवस्था यकृतात दडून राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो, म्हणून आपण क्लोरोक्विनबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप गेलेला असतो आणि उरलेल्या गोळ्या घरात तशाच पडून राहतात. सात दिवसांचा जास्त मात्रेचा उपचार चौदा दिवसांच्या उपचाराइतकाच चालतो, हे अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम येथील मोठ्या चाचणीत २०१९ मध्ये दिसले. पण मात्रा वाढवली की जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्या रुग्णात तांबड्या पेशी फुटण्याचा धोका वाढतो. आपल्या आदिवासी भागात ही तपासणी गावपातळीवर कशी करायची, हा प्रश्न दुसरा कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही.

आता खास विदर्भाचा प्रश्न. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेल्या माणसाला फाल्सिपॅरमच्या गंभीर आजारापासून मोठे संरक्षण मिळते, हे १९५४ पासून माहीत आहे. परंतु ज्या मुलाला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याला हिवताप झाला तर रक्तक्षय झपाट्याने वाढतो आणि जीवावर बेतते. आपल्याकडे गोंड, माडिया आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल आहे, हिवतापही त्याच तालुक्यांत आहे आणि दोन्हींची मुले शेवटी नागपूरलाच येतात. परदेशी विद्यापीठाच्या प्रस्तावात हा प्रश्न आहे का? नसेल, तर तो तुम्ही घाला. हमाल आणि भागीदार यांतला फरक प्रश्न कोणाचा, यावर ठरतो.

वीस वर्षांच्या गुंतवणुकीबद्दल मलावीचेच आणखी एक उदाहरण देतो. क्लोरोक्विन निकामी झाले म्हणून त्या देशाने १९९३ मध्ये ते थांबवले आणि असे करणारा तो आफ्रिकेतील पहिला देश होता. ब्लँटायरच्या गटाने क्लोरोक्विन वापरात नसतानाही परजीवींवर लक्ष ठेवणे सोडले नाही. थांबवल्यानंतर बारा वर्षांनी त्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा क्लोरोक्विन ९९ टक्के मुलांमध्ये यशस्वी ठरले आणि त्याच्या जागी आणलेले सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन केवळ २१ टक्के मुलांमध्ये. औषधाचा दाब गेला की दाद न देणारे परजीवी मागे पडू शकतात, हे जगाला कळले, कारण कोणाला रस नसलेल्या काळातही तिथे काचपट्ट्या आणि रक्ताचे ठिपके गोळा होत राहिले.

करारनामा :

सातपुडा_वैद्य, माहिडोलचे उदाहरण वाचून मी माझा विरोध सौम्य करतो. नमुने पाठवावेत, पण ठराविक चाचणीसाठीच, आणि त्या चाचणीसाठी नागपूरचा एक पदव्युत्तर विद्यार्थी नमुन्यांबरोबर जावा व ते तंत्र शिकून परत यावा, हे करारात लिहावे. नागनदी मॅडम, संमतीपत्राचा मसुदा तयार झाला की ओळख पटेल असा मजकूर काढून इथे टाका. गोंडी जाणणाऱ्या सदस्यांकडून तो पाहून घेता येईल.

नागनदी :

आता बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. सिकलसेल असलेल्या मुलांतील गंभीर हिवताप हा प्रश्न आमच्या नावाने प्रस्तावात यावा, औषध चाचणीचा भाग वेगळा काढावा, आणि काचपट्ट्यांचे वाचन इथेच व्हावे व त्यासाठी आमच्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण पहिल्या वर्षीच्या खर्चात धरावे. नेत्रपटल तपासणीसाठी नेत्रविभागाशी आजच बोलले. त्यांचे एक सहकारी दर आठवड्याला वॉर्डात यायला तयार आहेत. प्रस्तावाचे काहीही होवो, या पावसाळ्यापासून कोमातील प्रत्येक मुलाचे ब्लँटायर मापन आणि नेत्रपटलाची नोंद केसपेपरवर करायला आम्ही सुरुवात करत आहोत. काचपट्टी सर, आपल्याकडे जाड लेपाच्या सरावासाठी जुन्या पट्ट्यांचा संच असल्यास कृपया कळवावे.